दोन सुया, चार तास : नगर जिल्ह्यातले डायलिसिस आणि रक्तातून येणारे विषाणू

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातून किंवा जामखेडच्या बाजूने येणारा डायलिसिसचा रुग्ण पहाटेच घर सोडतो. पिशवीत डबा, रिपोर्टांची फुगलेली फाइल आणि बरोबर घरातले एक माणूस. त्या माणसाचाही दिवसाचा रोज बुडालेला असतो. केंद्रात गेल्यावर वजन, रक्तदाब, मग खाट. हाताच्या फिस्टुलात, म्हणजे शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया जातात. एकीतून रक्त बाहेर जाते, डायलायझर नावाच्या गाळणीतून फिरते आणि दुसरीतून परत येते. मिनिटाला पाव लिटरहून अधिक वेगाने हे चक्र चार तास चालते. आठवड्याला तीनदा डायलिसिस धरले, तर वर्षाला ३१२ वेळा सुई टोचली जाते. पैशापायी किंवा अंतरापायी दोनदाच जमत असेल, तरी २०८ वेळा. त्याच खोलीत शेजारच्या खाटांवर तेच चालू असते आणि तेच दोन-तीन कर्मचारी सगळ्यांकडे पाहत असतात.

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तीन विषाणूंचा प्रश्न या खोलीत उभा राहतो. त्यांच्या तपासण्यांना केंद्रातली मंडळी ‘व्हायरल मार्कर’ म्हणतात. ‘त्यांचा मार्कर पॉझिटिव्ह निघाला’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की रुग्णाची खाट बदलते, पाळी बदलते, कधीकधी केंद्रच बदलावे लागते.

या विषयावर लिहिताना बहुतेक वेळा एकच आकडा विचारला जातो : शंभरातले किती पॉझिटिव्ह? हा आकडा हवाच, पण तो अपुरा आहे. डायलिसिस सुरू होताना किती जणांच्या रक्तात विषाणू आधीपासून होता आणि किती जण केंद्रात स्वच्छ रक्त घेऊन आले व नंतर पॉझिटिव्ह झाले, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला आकडा गावाची, दवाखान्यांची, रक्तपेढ्यांची हकिगत सांगतो. दुसरा त्या केंद्राची. दोन्ही एकत्र मोजले की केंद्राचा दोष गावाच्या माथी जातो, नाहीतर गावाचा केंद्राच्या. एका दिवशी सगळ्यांचे रक्त तपासून केलेल्या पाहणीत हा फरक दिसत नाही. तो कळायला त्याच माणसाचे रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते आणि तारखा जपाव्या लागतात.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला, १४ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्येचा. मोठी रुग्णालये मात्र मोजक्या ठिकाणी एकवटली आहेत. नगर शहरात जिल्हा रुग्णालय आणि आनंदऋषिजी रुग्णालय, शहराबाहेर विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय, लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालये, शिवाय संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावची खासगी रुग्णालये. उत्तरेचा बागायती पट्टा आणि दक्षिणेचा दुष्काळी पट्टा यांच्यातली दरी इथेही दिसते. अकोल्याहून नगर शंभरावर किलोमीटर. त्यामुळे कोण कुठे डायलिसिस घेतो हे आजारापेक्षा रस्त्यावर ठरते, आणि रस्ता, पैसा किंवा योजनेची मंजुरी अडली की रुग्ण केंद्र बदलतो. संसर्गाच्या दृष्टीने ही ये-जा फार महत्त्वाची आहे.

डायलिसिसच्या इतिहासात हा धोका फार लवकर समोर आला. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात, जर्मनांच्या ताब्यातल्या काळात, १९४३ मध्ये पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालवले. पण पुन्हा पुन्हा रक्तवाहिनी कुठून आणायची हा पेच सुटला नव्हता. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात बसवली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस शक्य झाले. १९६६ मध्ये फिस्टुलाची शस्त्रक्रिया आली. माणसे जगू लागली, एका खोलीत एकत्र येऊ लागली आणि कावीळही त्या खोलीत आली. १९६९-७० मध्ये एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत हिपॅटायटिस बी पसरला. सुमारे ४० जणांना लागण झाली, ११ दगावले, आणि त्यांत रुग्णांबरोबर रुग्णालयाचे कर्मचारीही होते. तेव्हा ना लस होती, ना आजचे औषध.

पुढे जे घडले ते मला या विषयातले सर्वांत आशादायक प्रकरण वाटते. अमेरिकेत १९७४ मध्ये डायलिसिसच्या शंभर रुग्णांमागे वर्षाला सहाहून अधिक जणांना नव्याने हिपॅटायटिस बी होत होता. १९७७ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नियम घालून दिले : ठरावीक मुदतीने रक्त तपासा, बी पॉझिटिव्ह रुग्णाला वेगळी खोली आणि वेगळे मशीन द्या, त्याच्याकडे पाहणाऱ्याने त्याच पाळीत दुसऱ्या रुग्णाला हात लावू नये, हातमोजे बदला, पृष्ठभाग पुसा. १९८० पर्यंत नव्या लागणीचे प्रमाण एक टक्क्यावर आले. लस बाजारात येण्याआधी हे झाले. नुसत्या शिस्तीने.

मग विषाणू फिरतो कसा? मशीनमधून, असे रुग्ण समजतात, नातेवाईक समजतात, अनेकदा कर्मचारीही समजतात. डायलायझरच्या पापुद्र्याची छिद्रे इतकी बारीक असतात की पापुद्रा शाबूत असेल तोवर विषाणू पलीकडे जात नाही. दाब मोजणाऱ्या नळीच्या गाळणीत रक्त चढले आणि कोणी लक्ष दिले नाही, तर मशीनच्या आत डाग राहू शकतो. पण जगभरच्या चौकश्यांत पुन्हा पुन्हा सापडले ते वेगळेच. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची एकच बाटली चौघांसाठी वापरलेली. औषधांची ट्रॉली खाटेपासून खाटेपर्यंत ढकलत नेलेली. एका रुग्णाच्या फिस्टुलावर दाब धरलेला हात तसाच पुढच्याच्या मशीनचे बटण दाबायला गेलेला. रक्तदाबाचा पट्टा, चिमटा, चिकटपट्टीचे रीळ, खुर्चीचा दांडा. सकाळची पाळी उठते आणि दुपारची खाली थांबलेली असते, त्या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत खाटा, मशीनचा पुढचा भाग, बादल्या, सगळे घाईने उरकले जाते. धोका त्या घाईत आहे.

तिन्ही विषाणू यात सारखे नाहीत. सुई चुकून टोचली गेली तर लागण होण्याची शक्यता एचआयव्हीत साधारण हजारात तीन, हिपॅटायटिस सीमध्ये शंभरात दोनच्या आत, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीमध्ये शंभरात तीसपर्यंत. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो, डाग डोळ्याला दिसत नसला तरी. त्याच्या एक मिलिलिटर रक्तात कोट्यवधी विषाणू असू शकतात. म्हणून बीसाठी वेगळी खोली व वेगळे मशीन यावर दुमत नाही, आणि बी पॉझिटिव्ह रुग्णाचा डायलायझर धुऊन पुन्हा वापरू नये यावरही नाही. एचआयव्हीसाठी वेगळ्या मशीनची गरज नाही, हे अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने २००१ च्या शिफारशींत स्पष्ट केले आहे. सीसाठीही आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडरोग मार्गदर्शिका वेगळे मशीन आवश्यक मानत नाहीत. सगळ्यांशी सारख्या काटेकोरपणे वागणे पुरते असे त्या म्हणतात. भारतातली अनेक केंद्रे तरीही सीचे मशीन वेगळे ठेवतात. त्यामागे तर्क आहे : गर्दी असेल, हात कमी असतील, तर काटेकोरपणाची खात्री कोण देणार? हा तर्क मी समजू शकतो. पण वेगळे मशीन ठेवले म्हणजे हातमोजे बदलायला नकोत, अशी सवय त्यातून लागली, तर सीचे दोन रुग्ण एकमेकांना दुसऱ्या जातीचा विषाणू देतात आणि ‘स्वच्छ’ बाजूला जो अजून तपासणीत सापडलेला नाही तो शेजाऱ्यांना देतो.

न सापडलेला रुग्ण ही खरी अडचण. हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांची साधी चाचणी लागणीनंतर आठ ते अकरा आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. डायलिसिसच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, त्यामुळे त्याहूनही उशीर होतो. यकृताच्या एन्झाइमांवरून अंदाज घ्यावा, तर या रुग्णांत ते आकडे मुळातच खालच्या पातळीवर असतात. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जाते ती मूत्रपिंडामुळे गेली असे वाटते. विषाणूच्या जनुकाचा शोध घेणारी चाचणी लवकर सांगते, पण ती महाग आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत क्वचित. म्हणून सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी सीची चाचणी, बीची त्याहूनही लवकर लवकर, हे वेळापत्रक पाळण्याला पर्याय नाही. उलटी चूकही होते. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यानंतर काही दिवस रक्तात लसीचेच प्रतिजन सापडते आणि चाचणी पॉझिटिव्ह येते. लस दिल्याच्या आठवड्यात मार्कर काढले तर निरोगी माणसावर शिक्का बसतो. तारीख पाहून चाचणी काढणे एवढेच त्याला हवे.

आता पहिल्या आकड्याकडे, म्हणजे केंद्राचे दार ओलांडण्याआधी आलेल्या विषाणूकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही. गावाकडे ‘पांढरी कावीळ’ हा शब्द आहे. लोक तिला भितात, झाडपाल्याच्या औषधाला रांगा लावतात, पण रक्त तपासत नाहीत. आणि सुईचे प्रेम. अंग दुखले की सुई, थकवा आला की सलाईन. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर कच्चा वाटतो. २००२ ते २००४ या काळात देशभर झालेल्या इंजेक्शनच्या पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली ६३ टक्के या ना त्या प्रकारे असुरक्षित आहेत असे आढळले. इजिप्तमध्ये रक्तात शिरणाऱ्या कृमींविरुद्धच्या सरकारी मोहिमेत नीट न उकळलेल्या सुयांनी हिपॅटायटिस सी देशभर पसरला, तो १९८० च्या दशकापर्यंत. आपल्याकडे २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सुयांनी हिपॅटायटिस बीचा उद्रेक झाला आणि अनेक बळी गेले. आता एकदाच वापरायच्या सिरिंजांमुळे चित्र पालटले आहे. पण आज पन्नाशी-साठीत मूत्रपिंड निकामी होऊन येणारा मधुमेही शेतकरी त्या जुन्या सुयांच्या काळातून आलेला आहे.

दुसरी वाट रक्ताची. मूत्रपिंड निकामी झाले की रक्त तयार करायला सांगणारे संप्रेरक आटते, हिमोग्लोबिन पाच-सहावर येते आणि पूर्वी त्यावर उपाय एकच होता, बाटलीमागून बाटली. तेव्हा पैसे घेऊन रक्त विकणारे दाते होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. हिपॅटायटिस सीचा विषाणूच मुळी १९८९ मध्ये ओळखला गेला, आणि दात्यांच्या रक्तात तो तपासणे आपल्याकडे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सक्तीचे झाले. त्याच १९८९ मध्ये अमेरिकेत त्या आटलेल्या संप्रेरकाच्या, म्हणजे एरिथ्रोपोएटिनच्या, इंजेक्शनला मान्यता मिळाली. हे इंजेक्शन आज भारतीय कंपन्या बनवतात. ज्या केंद्रात ते वेळेवर मिळते तिथे रक्त चढवण्याची गरज घटते आणि विषाणूची एक वाट बंद होते. ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी नातेवाईक आजही रक्तपेढीत उभे असतात.

सीच्या बाबतीत गेल्या दशकात घडले ते वैद्यकात क्वचित घडते. आधी इंटरफेरॉन होते : महिनोन्‌महिने इंजेक्शने, ताप, अशक्तपणा, डायलिसिसच्या रुग्णाला न झेपणारे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुव्हिर आले आणि लवकरच भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला. मूत्रपिंड निकामी झालेल्याला ते द्यावे की नाही याबद्दल सुरुवातीला शंका होती. २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने डायलिसिसवरच्या रुग्णांसाठीही त्याला मान्यता दिली. बारा आठवडे गोळ्या, आणि शंभरातले पंच्याण्णव बरे. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत आहेत. म्हणजे सी पॉझिटिव्ह निघालेला डायलिसिसचा रुग्ण आयुष्यभर वेगळ्या खाटेवर राहण्याचे कारण उरलेले नाही. उपचारानंतरही त्याची प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्हच येते, कारण प्रतिपिंडे राहतात. विषाणू गेला हे जनुकचाचणी सांगते. हे न समजल्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा ‘सी’च्या मशीनवर चढवले, तर ज्या आजारातून तो सुटला त्याच आजाराच्या शेजारी आपण त्याला नेऊन बसवले.

बीला अजून असा पूर्ण इलाज नाही. एन्टेकाव्हिर, टेनोफोव्हिर विषाणूला दाबतात, मूत्रपिंडाप्रमाणे मात्रा बदलून द्यावी लागतात. पण बीला लस आहे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशात तयार केलेली लस आणली, पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आली आणि लसीची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. बाळांच्या लसीकरणात ती २०११ पर्यंत देशभर पोचली. आज डायलिसिसवर असलेली पिढी मात्र त्याआधीची. निरोगी प्रौढांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना ही लस लागू पडते. डायलिसिसवर गेल्यावर ते प्रमाण बरेच खाली येते, म्हणून दुप्पट मात्रा, चार वेळा, म्हणजे सुरुवातीला, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, आणि मग दर वर्षी प्रतिपिंडे मोजून १० च्या खाली गेली तर पुन्हा एक डोस. हिशेब उघड आहे : रक्तातले क्रिएटिनिन दोन-अडीच असताना, म्हणजे डायलिसिसची वेळ येण्याआधी, लस दिली तर ती अधिक लागू पडते. पण त्या अवस्थेतला माणूस आपल्याला भेटतो कुठे? तो अजून गावात, रक्तदाबाची गोळी कधी घेत, कधी विसरत फिरतो आहे.

इथे जामखेडची आठवण येते. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये याच जिल्ह्यात काम उभे केले. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले, आणि त्या बायकांनी गावात बाळंतपणे, कुष्ठरोग, क्षय असले विषय हाताळले. वैद्यकाची जी शिस्त मोठ्या रुग्णालयालाही अवघड वाटते ती गावातली बाई शिकू शकते, हे या जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. आशा सेविकेच्या यादीत मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण असतातच. त्यांची लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन वर्षाला एकदा पाहून ज्यांचे मूत्रपिंड उतरणीला लागले आहे त्यांना बीची लस देणे हे परदेशी तंत्रज्ञान नव्हे.

एचआयव्हीबद्दल वेगळे बोलले पाहिजे, कारण तिथे विषाणूपेक्षा वागणूक जास्त मारते. नगरच्या ‘स्नेहालय’ संस्थेचे काम १९८९ पासून सुरू आहे. इथल्या समाजाने एचआयव्हीचा बहिष्कारही पाहिला आहे आणि तो मोडणारी माणसेही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. तरी ‘आमच्याकडे पॉझिटिव्हचे मशीन नाही’ हे उत्तर रुग्णाला ऐकावे लागते, जणू एचआयव्हीला वेगळे मशीन लागतेच. ज्याला तीन दारांवरून परतवले तो चौथ्या दारावर जुना रिपोर्ट दाखवत नाही. पॉझिटिव्ह असल्याचे न कळलेला रुग्ण आणि बेफिकीर केंद्र एकत्र आले की काय होते, ते मुलतानने दाखवले. २०२४ मध्ये पाकिस्तानातल्या त्या शहराच्या निश्तर रुग्णालयात डायलिसिस घेणाऱ्या पंचवीसेक रुग्णांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. कोलंबिया, अर्जेंटिना, इजिप्त इथेही १९९० च्या दशकात असे घडले होते. सगळीकडे कारणे तीच : उपकरणांचा सामायिक वापर, तपासणीतली ढिलाई. सर्वांशी सारखी खबरदारी पाळणाऱ्या केंद्रात एचआयव्ही पसरल्याचे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

पैशाचा हिशेब यापासून वेगळा काढता येत नाही. राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ पासून नगरसह सर्वत्र आलेली जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्यात डायलिसिस बसते. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. देशात दर वर्षी सुमारे २ लाख २० हजार नवे रुग्ण मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याच्या टप्प्यावर येतात, हा तेव्हाचा अंदाज. या योजनांनी हजारो घरे वाचवली, त्याबद्दल मनात शंका नाही. पण दर एका डायलिसिसमागे ठरलेला. त्या दरात मशीन, डायलायझर, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, वीज, पगार आणि हातमोजेही. बचत कुठे होणार? हातमोज्यांचा खोका कधी संपतो याची कुणी नोंद ठेवत नाही. डायलिसिसचा तंत्रज्ञ कमी पगारात तीन पाळ्या ओढतो. एकाच वेळी एका मशीनचा अलार्म वाजतो, दुसऱ्याचा रक्तदाब उतरतो, तिसऱ्याची सुई निसटते, तेव्हा हात धुण्यावर व्याख्यान देणे सोपे आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने या तंत्रज्ञांना व्यवसाय म्हणून ओळख दिली. त्यांच्या हाताखाली किती खाटा असाव्यात हे ठरवून पाळले गेले, तर एका हिपॅटायटिस चाचणी किटापेक्षा अधिक संसर्ग टळतील असे मला वाटते.

पोटाच्या पडद्यातून घरी करायचे डायलिसिस हाही एक मार्ग आहे. त्यात रक्त बाहेर येतच नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचीही तरतूद २०१९ मध्ये झाली. अकोल्याच्या वाडीतल्या तरुण रुग्णाला, जिथे स्वच्छ खोली आणि शिकवायला कोणी असेल तिथे, ते आठवड्याच्या सहा एसटी प्रवासांपेक्षा बरे. पण द्रवाच्या पिशव्या पोचवणे आणि पडद्याला जंतुसंसर्ग होण्याची भीती यांमुळे ते फारसे रुजलेले नाही.

दुसरा आकडा, म्हणजे केंद्रात आल्यावर नव्याने पॉझिटिव्ह झालेल्यांचा, मोजणे मात्र आजच शक्य आहे. प्रत्येक केंद्राने दर सहा महिन्यांनी एवढेच लिहावे : किती रुग्ण निगेटिव्ह होते, त्यांतले किती या मुदतीत पॉझिटिव्ह झाले. शून्य असेल तर शून्य. एकही असेल तर त्या रुग्णाच्या आधीच्या दोन महिन्यांतल्या खाटा, पाळ्या, शेजारी आणि त्या दिवसांचे औषधांचे वाटप तपासावे. एवढ्या बारकाईने पाहिले की बहुतेक वेळा वाट सापडते.

पाथर्डी-शेवगावच्या गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. टोळीबरोबर गेलेल्या एखाद्याचे मूत्रपिंड त्याच हंगामात निकामी होते. कारखान्याजवळच्या शहरात मानेतल्या कॅथेटरवर घाईने डायलिसिस सुरू होते, रक्ताच्या दोन बाटल्या चढतात, आणि उन्हाळ्यात तो गावी परततो. नगरच्या केंद्रात त्याचे नाव लिहिताना हाताशी असतो तो डिस्चार्जचा एक चुरगळलेला कागद, त्यावर ‘मार्कर : निगेटिव्ह’ आणि तारीख पहिल्या दिवसाची. त्यानंतरच्या चार महिन्यांतले काहीच त्यावर नाही. त्या दिवशी त्याचे रक्त पुन्हा काढायचे, निगेटिव्ह आले तरी दोन-तीन महिन्यांनी परत काढायचे, बीच्या लसीचा पहिला डोस चाचणीचे रक्त घेतल्यावरच द्यायचा, आणि तोवर त्याला कोपऱ्यात न टाकता, त्याच्या खाटेवरून पुढच्या खाटेकडे जाताना हातमोजे काढून हात धुवायचे.